दीड वीत फडक्याची वलंदेज मोहीम

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर. हिंगोली प्रांती, सेनगाव परगण्यात, सोयाबीनच्या रानांमधोमध जो तांडा वसला आहे, तेथील राजश्री अमरसिंग, माजी उपसरपंच, आणि त्यांचे कुटुंब सौभाग्यवती मिराबाई, यांनी दीड वीत फडके समुद्रापार वलंदेजांच्या, म्हणजे डच लोकांच्या, मुलखी पोचविण्याकरिता जी मोहीम केली, तीत प्रथम फजिती कैसी जाहली आणि मग फत्ते कैसी जाहली, आणि फत्ते जाहली तीत कोणाचे काय गेले, हे जैसे घडले तैसे लिहिले आहे. लोक म्हणतील, येवढ्याशा फडक्याची बखर काय लिहावी. त्यांस उत्तर हेच की, आजवर ज्यांच्या बखरी लिहिल्या गेल्या, त्यांपैकी निम्म्यांनी हयातीत एक टाका घातला नव्हता. असो.

प्रथम तांड्याचे मूळ सांगणे अवश्य. या मंडळींचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून फौजांच्या मागे मुलूखभर हिंडत. पातशहाची फौज असो वा निजामाची, बैल बसला की फौज बसे, कारण फौजेचे पोट बैलाच्या पाठीवर. सबब नाक्यानाक्यावर त्यांस जकात माफ होती, ऐसे तांड्यातील वडीलधारे सांगतात. लेखी सनद कोठे आहे म्हणून पुसले असता, बैलाने खाल्ली, म्हणतात. त्याच वंशातील मनुष्याने पाव किलोच्या पुडक्यापायी जकातीच्या कचाट्यात सापडावे, हा काळाचा महिमा.

आता मिराबाई. रानातले निंदण-खुरपण आटोपून, सैपाक उरकून, भांडी घासून, मग जो वेळ कोणाच्याच हिशेबी धरला जात नाही, त्या वेळात त्या कशिदा काढीत. लाल कापड घेऊन, त्यावर आरशाचे तुकडे बसवून, कडेने कवड्या लावीत आणि मधली जागा टाक्यांनी ऐसी भरून काढीत की खालचे कापड दिसू नये. विकीत मात्र नसत. विचारले असता, शौक आहे, येवढेच म्हणत. तांड्यातल्या पुरुषमंडळींस पत्त्यांचा शौक होता, त्याची कोणी विचारपूस केली नाही. बाईच्या शौकास मात्र दोन पंचवार्षिकांत तीनदा बचतगटाचे साहेब येऊन, धंदा करा, धंदा करा, म्हणून सांगून गेले.

त्यांची कन्या निता हिंगोलीस कॉलेजात शिकलेली. तिने मोबाईलवर जगभरच्या शिवणवेड्या बायांची एक मंडळी शोधून काढली आणि त्यात आईच्या कशिद्याचे चित्र टाकले. ते वलंदेज देशीच्या हॅनेके नामे सत्तर वर्षांच्या बाईने पाहिले. तांड्यात तिचे नाव हनकाबाई पडले आणि तेच कायम जाहले. हनकाबाईने खलिता धाडला की, आपण तीस देशांच्या तीस बायांकडून एकेक चौकोन मागवून एक गोधडी शिवीत आहो, माघ महिन्यात ती आमच्या गावच्या वाचनालयात भिंतीवर चढेल, तिसऱ्या ओळीत हिंदुस्थानची जागा मोकळी आहे, तुमच्या मातुश्री भरतील काय? निताने वाचून दाखविले. मिराबाईंनी ऐकून घेतले आणि भरते म्हणून शब्द दिला.

मग श्रावणात काम सुरू जाहले आणि बेचाळीस दिवस चालले. निता भिंतीवरच्या कॅलेंडरावर रोज एक फुली मारीत असे, म्हणून आकडा पक्का आहे. शेवटच्या दिवशी मिराबाईंनी पेटीतून आपली मयत आई अनुसयाबाई हिच्या घागऱ्याच्या चार कवड्या काढल्या आणि चार कोपऱ्यांस लावल्या. निता म्हणाली, त्या कशाला, बाजारात मिळतात. मिराबाई म्हणाल्या, "माही माय कधी सेनगावाच्या पुढं गेली न्हाई. जाऊन येऊ दे तिला." येणेप्रमाणे एक शब्द आणि आईच्या चार कवड्या, येवढे या मोहिमेत पणास लागले.

पुडके रवाना करण्याची कामगिरी अमरसिंग यांनी आपणहून शिरी घेतली. हे गृहस्थ दिसण्यात भारदस्त, बोलण्यात त्याहून भारदस्त. पंचक्रोशीत लग्न कोणाचेही असो, माईकवर आहेर पुकारण्याचे काम त्यांचेच. हे काम त्यांजकडे वंशपरंपरेने नव्हे, आवाजपरंपरेने चालत आले होते. त्यांचा रिवाज ऐसा की, स्टीलची टाकी आली तर तिची किंमत दुप्पट पुकारावी आणि पितळी समई आली तर चौपट, कारण आहेर कमी पुकारला तर देणाऱ्याचे नाक जाते आणि जास्त पुकारला तर कोणाचेच काही जात नाही. वाचणाराने हा रिवाज ध्यानी ठेवावा. पुढील सर्व अनर्थ याच्याच पोटी जन्मला.

मग अमरसिंग यांनी इस्त्रीचा सदरा घातला, डोईस फेटा बांधला, आणि काळीपिवळी जीपमध्ये पुढची जागा पटकावून, पुडके मांडीवर घेऊन तालुक्याच्या एका टपालकचेरीवर चालून गेले. कोणत्या तालुक्याच्या, ते बखरकार लिहीत नाही, त्याची पत्रे अजून तेथूनच येतात. पहिल्या दिवशी लिंक नव्हती, दुसऱ्या दिवशी लिंक होती पण वीज नव्हती, आणि तिसऱ्या दिवशी दोन्ही एकाच वेळी हजर जाहल्या, तेव्हा वेढा उठून सामना सुरू जाहला.

खिडकीपलीकडे प्रज्ञेश नामे तरुण कारकून बसले होते, कामाचे चोख, नियमाचे पुस्तक तोंडपाठ. त्यांनी परदेशी मालाचे घोषणापत्र पुढे सरकविले आणि पुसले, "काका, यात काय हाय?"

"आहेर."

"आहेराचा रकाना न्हाई. भेट, नमुना का विक्री?"

अमरसिंग यांनी शौक म्हणून सांगितले, तोही रकाना नव्हता, सबब भेट या शब्दापुढे खूण जाहली. मग आत कवड्या आहेत ऐसे कळता प्रज्ञेश हसून म्हणाले की, पुडक्यातून चलन पाठविण्यास मनाई आहे, आणि कवडी एके काळी चलन होती. अमरसिंग म्हणाले, आता तिला कोण पुसते, लिहा. आणि मग शेवटी किमतीचा रकाना आला.

ते समयी कचेरीत पेन्शनीचे म्हातारे, आधारकार्डवाल्या बाया आणि बचतखात्याची मंडळी मिळून वीसएक असामी रांगेत उभी होती. अमरसिंग यांनी मागे वळून पाहिले. येवढी माणसे पाहिल्यावर त्यांचा घसा आपोआप साफ जाहला, छाती पुढे आली, आणि माईक नसता माईकचा आवाज निघाला, "पंचवीस हजार रुप्पये!"

रांगेतल्या एका म्हाताऱ्याने सवयीने टाळी वाजविली. प्रज्ञेश यांनी लेखणी थांबवून अर्ज केला, "काका, कमी लिवा. तिकडं जकात बसंल त्या बाईला." त्यावर अमरसिंग यांचा हुकूम जाहला की, माझ्या घरच्या बाईच्या हाताचे काम आहे, स्वस्तात पुकारणार नाही. प्रज्ञेश यांनी लिहिले, शिक्का मारला, पावती दिली. अमरसिंग बाहेर आले आणि फत्ते जाहली समजून त्यांनी जीपवाल्यास चहा पाजला.

तेविसावे दिवशी खबर आली. वलंदेजांच्या जकातचौकीवर पुडके अडकले. पंचवीस हजार म्हणजे अडीचशे युरोंचा माल, त्यावर आयातीची जकात, मालावर आणि जकातीवर मिळून पुन्हा विक्रीचा कर, आणि हे दोन्ही वसूल करण्याची तसदी घेतली म्हणून तसदीचा आकार, ऐसे मिळून शंभरएक युरो हनकाबाईने भरावे, मग फडके तिच्या हाती द्यावे, ऐसा चौकीचा हुकूम. हनकाबाई बिचारी भली. तिने लिहिले की, मी आनंदाने भरते, काळजी करू नये.

निताने हे वाचून दाखविता मिराबाईंच्या हातची परात खाली आली. "आहेर घेणारीनं दंड भरायचा? मंग त्यो आहेर काहून म्हणायचा, वसुली म्हण! लिव तिला, एक पैसा भरू नको. माघारी धाड म्हणावं."

निता आईस म्हणाली, "याडी, माघारी येऊस्तोवर महिना जाईल. गहाळ बी होऊ शकते."

येथे मिराबाईंस चार कवड्या आठवल्या आणि त्या खाली बसल्या. मग म्हणाल्या, "तरी बी लिव."

अमरसिंग यांस कोणी एक शब्द बोलले नाही, हेच त्यांस फार लागले. मग त्यांनी तूर राखावयास रानात जातो म्हणून जाहीर केले आणि दोन दिवस तेथेच राहिले. तुरीला त्या समयी फूल नव्हते, शेंग नव्हती, राखण्याजोगे काहीच नव्हते.

पुडके माघारी येण्यास सव्वा महिना लागला. दिवाळी त्यातच गेली. मिराबाईंनी सणाचे सर्व केले, पण कशिद्याच्या पेटीस हात लावला नाही, आणि पोस्टमनची सायकल वाजली की त्या दारात येऊन उभ्या राहत. अखेर कार्तिकात पुडके आले, अंगावर पाच रंगांचे शिक्के घेऊन. मिराबाईंनी ते उघडून प्रथम कोपरे चाचपले, एक, दोन, तीन, चार. चारही हजर होत्या. मग त्या जेवल्या.

आता माघ जवळ आला आणि हनकाबाईचा खलिता आला की, एकोणतीस चौकोन शिवून जाहले, तुमची जागा अजून मोकळी ठेविली आहे. तेव्हा अंगणात मसलत बसली. निताने वलंदेज मुलखाचा कायदा सांगितला. एका घरून दुसऱ्या घरी प्रेमाने धाडलेली भेट पंचेचाळीस युरोंच्या, म्हणजे साडेचार हजार रुपयांच्या आत असेल, तर जकात नाही, कर नाही, तसदीचा आकारही नाही. अमरसिंग यांचे बंधू उत्तमसिंग म्हणाले, मग त्यात काय, शंभर रुपये लिहून मोकळे व्हा. मिराबाईंनी पुसले, कागदाच्या खाली सही कशाची असते? निताने सांगितले, वरील मजकूर खरा आहे याची.

"मंग खोटं लिवणार न्हाई. त्याच्यात माही माय हाय."

बरे, खरे लिहावे तर खरे किती? निताने काढणीची बायांची रोजी तीनशे धरून बेचाळीस दिवसांचा गुणाकार केला, तो बारा हजारांवर गेला. ते ऐकून अमरसिंग यांस कंठ फुटला आणि ते म्हणाले, "म्हंजे मी लई काही चुकीचं नव्हतो पुकारलो!" त्यांच्याकडे सर्वांनी पाहिले. खरे लिहावे तर हनकाबाईस दंड, खोटे लिहावे तर आईस बट्टा, ऐसा दुहेरी पेच पडला. मसलत काही ठरल्याविना उठली.

दुसरे दिवशी मिराबाई स्वतः निघाल्या. संगे निता. अमरसिंग यांस कोणी बोलाविले नव्हते, ते जीपच्या मागच्या बाकावर बसून आले. कचेरीत त्या दिवशी लिंकही होती आणि वीजही, याची नोंद करणे बखरकारास भाग आहे. प्रज्ञेश यांनी नवे घोषणापत्र काढले आणि पुसले, "मावशी, पाठवणाऱ्याचं नाव? काकांचंच टाकू?"

"माहं टाक. मिराबाई."

मग वस्तू लिहिली, वजन लिहिले आणि लेखणी किमतीच्या रकान्यावर येऊन थांबली. मिराबाई म्हणाल्या, "बाबू, एक वाचून दाव मला. यात कापडाचं लिवायला जागा हाय?"

"हाय. वस्तूच्या किमतीत येतं."

"सुताचं, आरशाचं?"

"ते बी त्यातच."

"अन् हाताचं? ते जे बसून केलं, त्याचा रकाना कुठं हाय?"

प्रज्ञेश यांनी कागद पुढून पाहिला, मग उलटून पाहिला, मग नियमाचे पुस्तक उघडून तेथेही पाहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "तसा रकाना न्हाई, मावशी."

"न्हाईच असंल." मिराबाई म्हणाल्या, आणि त्या रागावल्या नव्हत्या, हे विशेष. "पस्तीस वरीस झाले. सैपाक केला, पाणी भरलं, निंदलं, खुरपलं, लेकरं वाढवली. घरात रकाना न्हाई, सातबाऱ्यात न्हाई, तुह्या कागदात बी न्हाई. मंग आज काहून धरायचं? लिव. कापड, सूत अन् आरसे मिळून तीनशे दहा. कवड्या मायच्या, इकत घेतल्याच न्हाईत. हाताचं काही न्हाई. झालं का न्हाई खरं?"

रांगेतली एक पेन्शनवाली म्हातारी मोठ्याने म्हणाली, "व्हय, बराबर हाय!" अमरसिंग भिंतीवरचे विम्याचे पत्रक वाचीत होते, ते उलटे टांगलेले होते. प्रज्ञेश यांनी तीनशे दहा लिहिले आणि कागद पुढे केला. मिराबाईंनी निताने शिकविलेली सही सावकाश केली, वरची रेघ सर्वांत शेवटी ओढली. येणेप्रमाणे ज्या हातांची मजुरी कोणी कधी धरली नाही, त्या हातांनी तीच ढाल करून जकातीचा वार अडविला. या युक्तीस काय म्हणावे, ते बखरकारास अजून ठरविता आले नाही. हसू येते आणि मग गप्प बसावेसे वाटते.

पुढे निताने मोबाईलवरून खबर काढावी आणि तांड्यास सांगावी, ऐसा क्रम चालला. पुडके मुंबईस पोचले. पुडके विमानी चढले. पुडके वलंदेजांच्या मुलखी उतरले. पुडके जकातचौकीवर आले, आणि येथे खबर चार दिवस हलेना. त्या चार दिवसांत मिराबाईंनी कोणास काही विचारले नाही, पण निताचा मोबाईल चार्जिंगला लावण्याचे काम आपल्याकडे घेतले. पाचवे दिवशी खबर आली, चौकी पार, आकार शून्य. अमरसिंग यांनी ही खबर तांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माईकविना पोचविली.

माघात चित्र आले. वाचनालयाच्या भिंतीवर तीस देशांची गोधडी, तिसऱ्या ओळीत लाल चौकोन, आणि कोपऱ्यातल्या चार कवड्यांवर उजेड पडलेला. मिराबाईंनी चित्र मोठे करून पाहिले, मग आणखी मोठे करून पाहिले, आणि म्हणाल्या, "पोचली माय." डोळ्यांस पदर लावला आणि शेळीस पाला टाकावयास गेल्या.

येथे बखर संपावी, परंतु संपत नाही, कारण हनकाबाईनेही उलट आहेर धाडला. फाल्गुनात पोस्टमन पुडके घेऊन दारी आला आणि पुडक्याआधी त्याने जकातीची चिठ्ठी पुढे केली. वलंदेज सरकार परमुलखीच्या भेटीस पंचेचाळीस युरोंपर्यंत माफी देते. आमच्या सरकारास मात्र परमुलखीच्या भेटीची माया नाही, राखी आणि जीव वाचविणारे औषध येवढीच माफ, बाकी प्रेम जितके तितके करपात्र. अमरसिंग यांचा संताप अनावर जाहला. ते म्हणाले, आमच्या बापजाद्यांना निजामाने माफी दिली, मी भरणार नाही, माघारी धाडा. मिराबाईंनी डब्यातून पैसे काढून पोस्टमनच्या हातावर ठेविले आणि दोन हुकूम फर्माविले. एक, आतील वस्तूस कोणी नख लावू नये. दुसरा, भरलेल्या जकातीचे हनकाबाईस कधी कळू देऊ नये.

उघडले तो आत उशीचा अभ्रा, शंभराहून जास्त बारीक तुकडे जोडून केलेला, टाका ऐसा की शोधून सापडेना. मिराबाईंनी तो उलटा केला, शिवण उजेडात धरली, बोटाने मोजली. "दोन महिन्याचं काम हाय हे. जास्तीच." मग निताने वरचा कागद वाचला. किंमत, सहा युरो.

"सहाच? फारम कुणी भरलं?"

"तिनंच. सही तिचीच हाय."

मिराबाई अभ्रा मांडीवर घेऊन बसल्या. "मंग तिकडं बी रकाना न्हाई," त्या म्हणाल्या. अमरसिंग तेथेच दाराशी उभे होते. त्यांनी भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडराकडे पाहिले, त्यावरच्या फुल्या अजून तशाच होत्या.

त्याच महिन्यात तांड्यातल्याच शंकरसिंग यांच्या कन्येचे लग्न लागले. मंडप मोठा, माणूस बहुत, आणि माईक अमरसिंग यांच्या हाती. मिक्सर आला, तो दुप्पट पुकारला. समई आली, ती चौपट पुकारली. मग मिराबाईंनी नवरीकरिता काढलेली कशिद्याची थैली आली. अमरसिंग यांनी ती हातात घेतली आणि ते थांबले. बायांच्या बाजूस मिराबाई खाली मान घालून बसल्या होत्या, त्यांस वाटले, आता हा माणूस पन्नास हजार म्हणणार. मंडपास वाटले, माईक बिघडला.

मग अमरसिंग यांनी घसा साफ केला आणि पुकारले, "मिराबाईकडून नवरीला हातानं केलेली थैली. किंमत..." आणि नव्या कॅलेंडरावरच्या निताच्या फुल्या आठवून, एक दिवसही न वाढविता म्हणाले, "एकोणीस दिवस!"

टाळी कोणी वाजविली नाही, कारण येवढ्या किमतीस किती टाळ्या वाजवाव्या, हा रिवाज अद्याप कोठे ठरलेला नाही. मिराबाईंनी मात्र मान वर केली. येणेप्रमाणे वलंदेज मोहीम फत्ते जाहली, फडके पोचले, शब्द राहिला, माय परदेश पाहून भिंतीवर सुखरूप आहे. दोन्ही सरकारांच्या दफ्तरी दोन बायांच्या हातांची किंमत शून्य नोंदली आहे, आणि तांड्यातील लग्नाच्या वहीत, आहेराच्या पानावर, रुपयांच्या रकान्यात, एकोणीस दिवस ऐसे शाईने लिहिले आहे. ज्यास खरे-खोटे करणे असेल, त्याने वही पाहावी. यंदाच्या कागदास बैल शिवलेला नाही.